घटक ४ : गोपाळ कृष्ण गोखले – वक्त्याची पूर्वतयारी

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• गोपाळ कृष्ण गोखले यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• भाषणाच्या तयारीत श्रोत्यांचा विचार कोठे आणि कसा येतो, हे स्पष्ट करता येईल;
• पडताळलेली माहिती आणि ऐकीव माहिती यांतील फरकाचे महत्त्व लक्षात येईल;
• स्वतःच्या भाषणाची तयारी टप्प्याटप्प्याने करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण भाषणाचे प्रकार आणि भाषणाची रचना यांचा परिचय करून घेतला. आरंभ, विषयप्रतिपादन आणि समारोप हे भाषणाचे तीन भाग तुम्हाला आता ठाऊक आहेत. तरीही प्रत्यक्ष बोलण्याचा प्रसंग आला की अनेकांची अडचण होते. तुमच्यापैकी कोणाला ग्रामसभेत पाण्याच्या योजनेविषयी बोलावे लागत असेल, कोणाला पतसंस्थेच्या वार्षिक सभेत अहवालावर मत मांडावे लागत असेल, तर कोणाला सहकाऱ्याच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात चार शब्द सांगावे लागत असतील. अशा वेळी आपण स्वतःला पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे मी काय बोलू, हा. खरे पाहता त्याआधी आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. माझे बोलणे कोण ऐकणार आहे? त्यांना आधीपासून काय ठाऊक आहे? आणि मी जे बोलेन, त्यातले किती मला सिद्ध करता येईल?

या प्रश्नांची उत्तरे नियमांच्या यादीपेक्षा एखाद्या माणसाच्या आयुष्यातून अधिक चांगली कळतात. म्हणून या घटकासाठी आपण नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र निवडले आहे. गोखले यांची इतिहासातील ओळख नेमस्त पक्षाचे नेते आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू अशी आहे. येथे आपण त्यांच्याकडे एक वक्ता म्हणून, त्यातही भाषणाची कसून तयारी करणारा वक्ता म्हणून पाहणार आहोत. त्यांच्या यशाइतकेच त्यांच्या एका मोठ्या चुकीकडेही आपल्याला लक्ष द्यावयाचे आहे. कारण पुढील तयारीची शिस्त त्या चुकीच्या पार्श्वभूमीवरच नीट समजते.

४.२ बालपण, शिक्षण आणि पाठांतर

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव हे कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळराव तेरा वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर आला. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्या तुटपुंज्या मिळकतीतून आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. पैशापैशाचा हिशेब ठेवण्याची सवय गोखल्यांना या काळात लागली असावी, असे म्हणता येईल. पुढे देशाच्या अंदाजपत्रकातील आकडे वाचताना प्रत्येक आकड्यामागे एखादे घर आहे, ही जाणीव त्यांच्या मांडणीत सतत दिसते.

कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे शिक्षण घेऊन १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी. ए. झाले. विद्यार्थिदशेत त्यांची ख्याती होती ती पाठांतराविषयी. इंग्रजी गद्याची पानेच्या पाने ते मुखोद्गत करीत. एडमंड बर्क या वक्त्याचे फ्रेंच राज्यक्रांतीवरील पुस्तक त्यांनी पाठ केले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाठांतराने गोखल्यांना परकीय भाषेवर प्रभुत्व मिळाले, तिची वाक्यरचना अंगवळणी पडली आणि शब्दांसाठी अडखळण्याची वेळ आली नाही. हा लाभ लहान नव्हे. परंतु पाठ केलेले वाक्य दुसऱ्याचे असते आणि ते दुसऱ्याच श्रोत्यांसाठी रचलेले असते. भाषेची तयारी आणि भाषणाची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यांपैकी पहिली गोखल्यांनी विद्यार्थिदशेतच साधली होती. दुसरी त्यांना शिकावी लागली, आणि ती शिकण्यास पुढची कित्येक वर्षे लागली.

४.३ वर्गातील श्रोते आणि रानड्यांची शिकवण

१८८५ साली गोखले पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले होते. सोसायटीचे आजीव सदस्य होऊन गोखल्यांनी जवळजवळ अठरा वर्षे अध्यापनात घालविली. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय त्यांनी शिकविले. अंकगणिताचे त्यांचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरात होते.

अध्यापन हे वक्त्याचे उत्तम प्रशिक्षण आहे, असे मी स्वतःच्या अनुभवावरूनही म्हणेन. वर्गातील श्रोता आपली अडचण बोलून दाखवीत नाही. ती त्याच्या चेहऱ्यावर दिसते. एक पायरी गाळली की मागच्या बाकावरचा विद्यार्थी हरवतो. गणित शिकविणाऱ्याला तर ही चूक लपविताच येत नाही, कारण पुढचे उदाहरण सुटत नाही. गोखल्यांच्या उत्तरकालीन भाषणांत एकापुढे एक ठेवलेल्या पायऱ्यांची जी रचना आढळते, तिचे मूळ या वर्गात आहे.

तथापि त्यांना खऱ्या अर्थाने घडविले ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी. १८८७ च्या सुमारास गोखले त्यांच्या सहवासात आले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन आणि पुढे सभेचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले. गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘सुधारक’ पत्राच्या इंग्रजी भागाची जबाबदारीही त्यांनी काही काळ सांभाळली. सार्वजनिक सभेचे काम म्हणजे सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील आकडे काढणे, ते एकमेकांशी ताडून पाहणे आणि त्यांच्या आधारे सरकारकडे अर्ज लिहिणे. गोखले मसुदा तयार करीत आणि रानडे तो तपासत. आधार नसलेले विधान, ढिला शब्द किंवा अर्धवट तुलना रानड्यांच्या नजरेतून सुटत नसे.

या काळातील एक प्रसंग गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगितला आहे. महिनोन्‌महिने खपून तयार केलेल्या अर्जांना सरकारकडून येणारे उत्तर दोन ओळींचे असे. अर्ज पोहोचला, एवढाच त्याचा आशय. तरुण गोखले निराश झाले आणि एवढ्या श्रमांचा उपयोग काय, असे त्यांनी रानड्यांना विचारले. रानड्यांनी त्यांना समजावले, की हे अर्ज नावापुरतेच सरकारला उद्देशून आहेत. खरे पाहता ते लोकांसाठी आहेत. या प्रश्नांवर विचार कसा करावा, हे लोकांनी त्यांतून शिकावयाचे आहे. आणि या देशात अशा प्रकारचे राजकारण अगदी नवीन असल्याने, दुसऱ्या कोणत्याही फळाची अपेक्षा न ठेवता हे काम पुष्कळ वर्षे करावे लागेल.

श्रोत्यांचा विचार करताना हा प्रसंग फार उपयोगी आहे. भाषणाला पुष्कळदा दोन श्रोतृवर्ग असतात. एक समोर बसलेला आणि दुसरा ते भाषण नंतर वाचणारा, त्याविषयी ऐकणारा. ग्रामसभेत तुम्ही सरपंचांना उद्देशून बोलता, पण मागे उभे असलेले गावकरीही ऐकत असतात आणि निर्णय कदाचित त्यांच्या मनात होतो. दोघांपैकी एकाचाच विचार करून केलेली तयारी अपुरी राहते.

४.४ सन १८९७ : एक यश आणि एक माफी

हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ साली इंग्लंडला गेले. त्यांचे वय तेव्हा अवघे तीस होते. निवेदनाची तयारी करताना रानड्यांचे मार्गदर्शन होते, तसेच आकडेशास्त्राचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्यही होते. जोशी पेशाने शिक्षक होते आणि सरकारी आकड्यांचा त्यांचा अभ्यास असामान्य होता. वाटेत छातीला झालेली दुखापत सोसून गोखल्यांनी एप्रिल महिन्यात साक्ष दिली. आयोगाच्या सदस्यांनी कसून उलटतपासणी केली. प्रत्येक विधानामागे सरकारचाच आकडा उभा असल्याने त्यांची बाजू डळमळली नाही. इंग्लंडमध्ये त्यांचे नाव झाले.

याच दौऱ्यात त्यांच्या हातून ती चूक घडली. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. रोग्यांच्या शोधासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरोघर झडत्या घेतल्या जात होत्या आणि त्यांच्या वर्तनाविषयी लोकांत तीव्र संताप होता. २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पुण्याहून गोखल्यांना मित्रांची पत्रे जात होती. त्यांत सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे आणि त्यांपैकी एकीने आत्महत्या केल्याचे वृत्त होते. पत्रे विश्वासातील माणसांची होती. गोखल्यांनी हा आरोप इंग्लंडमधील वृत्तपत्राच्या मुलाखतीत उघडपणे केला.

मुंबई सरकारने आरोप तत्काळ नाकारला. गोखले मायदेशी परतले तेव्हा त्या विशिष्ट घटनेचा पुरावा द्यावयास कोणी पुढे येईना. झडत्यांचा जाच खरा होता. त्याविषयी तक्रारी पुष्कळ होत्या. पण जो नेमका आरोप त्यांनी केला होता, तो सिद्ध करण्यासारखे त्यांच्या हाती काही नव्हते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेण्याचा मार्ग मोकळा होता. तो त्यांनी स्वीकारला नाही. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी आरोप बिनशर्त मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली.

या माफीने त्यांची दोन्हीकडून कोंडी झाली. इंग्रजांच्या दृष्टीने ते खोटे आरोप करणारे ठरले, तर पुण्यातील अनेकांच्या दृष्टीने भित्रे. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्या साक्षीचे कौतुक झाले, त्यांच्यावर उपहासाचा वर्षाव झाला. सार्वजनिक जीवन सोडून द्यावे, असे त्यांना वाटू लागले होते. रानड्यांनी धीर दिला. पुढे पुन्हा प्लेग आला तेव्हा गोखल्यांनी स्वयंसेवक म्हणून रोगग्रस्तांसाठी काम केले.

विद्यार्थी मित्रहो, एकाच वर्षातील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. वक्ता तोच, भाषा तीच आणि देशहिताची तळमळही तीच आहे. साक्षीसाठी त्यांनी प्रत्येक आकडा तपासला होता. मुलाखतीत मात्र त्यांनी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून विधान केले. येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. त्या चुकीची किंमत एकट्या वक्त्याने चुकविली नाही. एक आरोप खोटा ठरल्यामुळे पुणेकरांच्या इतर खऱ्या तक्रारींकडेही संशयाने पाहण्यास सरकारला सबब मिळाली. ज्यांच्या वतीने आपण बोलतो, त्यांची बाजू आपल्या एका न तपासलेल्या वाक्याने दुबळी होऊ शकते. तयारी करावयाची ती आपली फजिती टळावी एवढ्यासाठी नव्हे. आपल्या शब्दांवर ज्यांचे काही अवलंबून आहे, त्यांच्यासाठी ती करावयाची असते.

४.५ सन १९०२ : अंदाजपत्रकावरील भाषण

१८९९ साली गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. १९०१ च्या जानेवारीत रानडे निवर्तले. त्याच वर्षाच्या अखेरीस फिरोजशहा मेहता यांच्या जागी गोखल्यांची वरिष्ठ कायदेमंडळावर निवड झाली. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात त्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले.

तेव्हाच्या मंडळाचे स्वरूप प्रथम समजून घ्या. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. सदस्यांत सरकारी अधिकाऱ्यांचे बहुमत होते. बिनसरकारी सदस्यांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा अधिकार होता, मतदानाचा नव्हता. म्हणजे श्रोते प्रतिकूल होते आणि भाषणाने तत्काळ काही घडण्याचा संभवही नव्हता. त्यातच त्या वर्षी सरकारकडे सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक होती आणि शिल्लक म्हणजे भरभराट असा सरकारचा दावा होता.

अशा श्रोत्यांपुढे देशाच्या दारिद्र्याचे करुण वर्णन करणे सोपे होते, आणि ते व्यर्थही गेले असते. गोखल्यांनी श्रोत्यांना जे मान्यच होते तेथून सुरुवात केली. शिल्लक त्यांनी नाकारली नाही. ती कोठून आली, एवढेच विचारले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आपण साध्या हिशेबाने समजून घेऊ.

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी इंग्लंडमध्ये मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. रुपयाचा भाव घसरत १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सच्या आसपास आला होता. एका पौंडाचे पेन्स होतात २४०. म्हणजे एक पौंड भरण्यासाठी सुमारे साडेअठरा रुपये लागत. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने कर वाढविले. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. पुढे रुपयाचा भाव सोळा पेन्सवर स्थिर झाला. आता एका पौंडाला पंधराच रुपये पुरू लागले. प्रत्येक पौंडामागे साडेतीन रुपयांची बचत होऊ लागली, पण वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक उरली ती यातून. लोकांची मिळकत वाढली म्हणून ती उरली नव्हती. मधल्या काळात तर देशाने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ आणि प्लेग सोसला होता. ज्या लोकांवर ही आपत्ती कोसळली, त्यांच्याकडूनच गरजेपेक्षा अधिक कर घेतला जात होता.

या मांडणीतील एकही आकडा गोखल्यांचा स्वतःचा नव्हता. सर्व आकडे सरकारी अहवालांतील होते आणि म्हणून समोरच्या अधिकाऱ्यांना ते नाकारता येत नव्हते. तयारीच्या काळात गणेश व्यंकटेश जोशी यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालू होता. आकडे आणि निष्कर्ष ते या जाणकाराकडून तपासून घेत. १८९७ चा धडा ते विसरले नव्हते. मागणी करतानाही त्यांनी सर्व कर रद्द करा असे म्हटले नाही. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची किमान मर्यादा पाचशे रुपयांवरून हजारावर न्यावी, अशा नेमक्या आणि शक्य कोटीतील सूचना त्यांनी केल्या. सरकारला मान्य करता येईल असे काहीतरी त्यांनी सरकारच्या हाती दिले.

त्या दिवशी मतदान झाले नाही, होणारच नव्हते. परंतु पुढील वर्षीच्या, म्हणजे १९०३ च्या, अंदाजपत्रकात मिठावरील कर अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार रुपयांवर गेली. त्यानंतर मिठावरील कर १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. या निर्णयांचे सारे श्रेय एका भाषणाला देणे योग्य ठरणार नाही, कारण राज्यकारभारातील निर्णयांना अनेक कारणे असतात. तरीही या भाषणाने देशभर त्यांचे नाव झाले आणि अंदाजपत्रकाची चर्चा सुशिक्षित वर्गात गांभीर्याने होऊ लागली. रानड्यांनी सांगितलेला दुसरा श्रोतृवर्ग, म्हणजे सभागृहाबाहेरचे लोक, आता वाचत होता.

४.६ पराभव समोर दिसत असताना

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ते काँग्रेसच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मात्र त्यांच्या मनाला सर्वांत जवळचा विषय होता प्राथमिक शिक्षणाचा. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. श्रोत्यांचे आक्षेप आधीच ओळखून विधेयकाची रचना केलेली होती. सक्ती एकदम सर्वत्र नव्हती. ज्या ठिकाणी ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जातात, तेथेच आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच ती लागू व्हावयाची होती.

वर्षभर मते मागविण्यात आली. मार्च १९१२ मध्ये चर्चा झाली आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. पराभव होणार हे गोखल्यांना आधीच ठाऊक होते. तरीही त्यांनी प्रत्येक आक्षेपाला सविस्तर उत्तर दिले आणि शेवटी सांगितले, की आपल्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा अपयशातूनच करणे आले असेल, तर त्याचीही खंत नाही.

येथे एक रास्त शंका तुमच्या मनात येईल. इतकी तयारी करूनही मते बदलली नाहीत, तर तयारीचा उपयोग काय? उत्तर असे, की चांगली तयारी हमखास विजय देत नाही. सरकारी सदस्यांची मते सभागृहात येण्यापूर्वीच ठरलेली होती. पण हा विषय आता दडपता येण्यासारखा राहिला नाही. पुढे ज्यांनी सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, त्यांना आक्षेप आणि उत्तरे दोन्ही आयती मिळाली.

४.७ जोहान्सबर्ग : मायबोलीतील भाषण

गोखल्यांच्या वक्तृत्वाची एक मर्यादा नोंदविल्याशिवाय हे विवेचन पूर्ण होणार नाही. त्यांची बहुतेक महत्त्वाची भाषणे इंग्रजीत झाली. कायदेमंडळाची भाषा इंग्रजी होती, काँग्रेसच्या व्यासपीठाचीही इंग्रजीच होती. त्यामुळे त्यांचा शब्द सुशिक्षितांपर्यंत पोहोचला. ज्यांच्या मिठावरील कराविषयी ते बोलत, त्या माणसाच्या कानापर्यंत तो थेट गेला नाही. भाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ही बाब दृष्टिआड करू नये.

१९१२ च्या ऑक्टोबरमध्ये गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील हिंदी लोकांचा लढा गांधीजी चालवीत होते आणि दौऱ्याची सर्व व्यवस्था त्यांच्याकडे होती. गांधीजींनी या दौऱ्याच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांतील दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली आठवण प्रिटोरियातील मंत्र्यांच्या भेटीची. बोथा, स्मट्स आदी मंत्र्यांशी बोलताना गांधीजी बरोबर नसणार होते. करारमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा वार्षिक कर हा कळीचा प्रश्न होता. गोखल्यांनी हिंदी लोकांविषयीच्या कायद्यांचा आणि त्यांच्या परिस्थितीचा सारांश मागविला. आदल्या रात्री ते स्वतः जागले आणि इतरांनाही त्यांनी जागविले. प्रत्येक मुद्दा विचारून घेतला आणि आपल्याला तो बरोबर समजला आहे ना, हे पुन्हा म्हणून दाखवून पडताळले. त्यांची प्रकृती तेव्हा मधुमेहाने खालावलेली होती. वाटाघाटीनंतर कर रद्द होईल, असे आश्वासन मिळाल्याचे त्यांनी सांगितले. पुढे सरकारने ते नाकारले, पुन्हा सत्याग्रह झाला आणि १९१४ मध्ये तो कर गेला.

दुसरी आठवण जोहान्सबर्गची. तेथे कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू यांची वस्ती होती. गोखल्यांनी मराठीत बोलावे, अशी त्यांची इच्छा होती आणि गांधीजींनी ती गोखल्यांपुढे ठेवली. भाषणाचा हिंदुस्थानीत अनुवाद आपण करू, असेही त्यांनी सांगितले. गोखल्यांनी त्यांची थट्टा केली. मराठी न येणाऱ्या माणसाने मराठीचा अनुवाद करावा, हे त्यांना गमतीचे वाटले. गांधीजींचे म्हणणे होते, की विषय माहीत असेल तर भाषणाचा आशय पोहोचविता येतो. अखेर गोखले तयार झाले. त्या सभेत ते मराठीत बोलले आणि तेथून परतीच्या वाटेवर झांझिबारपर्यंत अशा सभांतून ते मराठीतच बोलत राहिले.

ज्या रत्नागिरी जिल्ह्यात गोखल्यांचा जन्म झाला, त्याच कोकण किनाऱ्याशी नाते सांगणारी माणसे हजारो मैलांवर त्यांच्यासमोर बसली होती. त्यांच्यासाठी मराठी निवडणे, हा तयारीचाच भाग होता. आकडे जमविणे, मुद्द्यांचा क्रम लावणे, शब्द निवडणे या सर्वांच्या आधी भाषा ठरवावी लागते. भाषा ठरविताना आपण कोणाला आपल्या बोलण्यात सामावून घेणार आहोत, हेही ठरते.

४.८ समारोप

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, गोखल्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या भाषणांतील अनेक विषय आता इतिहासजमा झाले आहेत. मणामागे अडीच रुपये कर काय असतो, हे आज समजावून सांगावे लागते. त्यांच्या तयारीची पद्धत मात्र आजही तुमच्या कामी येईल. ती थोडक्यात अशी मांडता येईल :

१. समोरचे श्रोते आणि पलीकडचे श्रोते, दोघांचाही विचार प्रथम करावा.
२. श्रोत्यांना जे मान्य आहे तेथून आरंभ करावा. आपल्याला जे सिद्ध करावयाचे आहे, तेथे पायरीपायरीने यावे.
३. ऐकीव माहिती कितीही विश्वासू माणसाने दिलेली असली, तरी पडताळल्याशिवाय बोलू नये.
४. आपले मुद्दे जाणकाराला दाखवावेत आणि दुसऱ्याकडून घेतलेले मुद्दे आपल्या शब्दांत पुन्हा सांगून तपासावेत.
५. मागणी नेमकी आणि शक्य कोटीतील असावी.
६. चूक झाल्यास ती स्पष्टपणे मान्य करावी; दुसऱ्याच्या आड लपू नये.

यांतील शेवटचा मुद्दा वक्तृत्वावरील पुस्तकांत सहसा आढळत नाही. श्रोते वक्त्यावर विश्वास ठेवतात तेव्हा त्याच्या मागील बोलण्याचाही हिशेब त्यांच्या मनात असतो. १९०२ साली गोखल्यांचे आकडे सभागृहाला गांभीर्याने घ्यावे लागले, यामागे पाच वर्षांपूर्वीची माफीही होती, असे मला वाटते. हे माझे मत आहे. या घटकातील घटना पुन्हा वाचून तुम्ही ते स्वीकारावे किंवा खोडून काढावे.

स्वाध्याय

१. सार्वजनिक सभेच्या अर्जांविषयी रानड्यांनी गोखल्यांना काय समजावले? त्यावरून श्रोत्यांच्या दोन वर्गांची कल्पना स्पष्ट करा.
२. वेल्बी आयोगापुढील साक्ष आणि प्लेगविषयीची मुलाखत या दोन प्रसंगांची तयारीच्या दृष्टीने तुलना करा.
३. १९०२ च्या भाषणातील शिल्लकेविषयीचा युक्तिवाद तुमच्या शब्दांत, अर्थशास्त्र न शिकलेल्या श्रोत्याला समजेल असा मांडा.
४. भाषणासाठी भाषा निवडणे हा पूर्वतयारीचा भाग आहे, या विधानाची चर्चा जोहान्सबर्गच्या प्रसंगाच्या आधारे करा.

उपक्रम : तुमच्या गावातील, वस्तीतील किंवा कामाच्या ठिकाणचा एक खरा प्रश्न निवडा. त्यावर पाच मिनिटांचे भाषण तयार करा. लिहिण्यापूर्वी कागदाचे दोन भाग करून एका बाजूला तुमचे श्रोते कोण आणि त्यांना काय मान्य आहे ते लिहा. दुसऱ्या बाजूला तुमचे प्रत्येक विधान आणि त्याचा आधार लिहा. ज्या विधानापुढील जागा कोरी राहील, त्याचा आधार शोधा. तो न मिळाल्यास ते विधान भाषणातून काढून टाका. उरलेले भाषण मोठ्याने म्हणून पाहा आणि अभ्यासकेंद्रावरील पुढील संपर्कसत्रात सहाध्यायांसमोर सादर करा.